बटण्याच्या जेवणाची तजवीज

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वयाने पिकलं पान, शाळेत चौथीपर्यंत आणि त्यापुढे रद्दीतली पुस्तकं व गिऱ्हाइकांच्या गप्पा यांवर शिकलेला, असे लिहून ठेवतो की हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. ते मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा अमलाखाली लिहीत नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शरीराचं तसं म्हणवत नाही. पोटात जे वाढलं आहे ते कापून काढण्याच्या पलीकडे गेलं, असं दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. “मास्तर, पुढच्या हिवाळ्याचे कोट शिवायला घेऊ नका,” असे त्यांचे शब्द. शिंप्याला कळेल अशा भाषेत सांगायची त्यांची धडपड पाहून मलाच त्यांची दया आली.

‘मन स्वस्थ असताना’ असंही लिहायची रीत आहे. ते शब्द मी गाळतो, कारण खोटं लिहिलेलं मृत्युपत्र टिकत नाही असं ऐकून आहे. माझं मन आत्ता गल्लीच्या पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आहे. ते स्वयंपाकघर माझंच. मी मात्र गल्लीच्या अलीकडे, समोर राहणाऱ्या नर्सबाईंच्या घरी, त्यांच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलो आहे. इथून माझं टेबल दिसतं, टेबलावरची पांढरी ताटली दिसते, ताटलीत सँडविचचे चार तुकडे दिसतात, आणि ताटलीसमोर बसलेला माझा मुलगा दिसतो. त्याचं तोंड माझ्याच बाजूला आहे हे एक बरं. ओठ हलला तरी कळतं.

ओठ हललेला नाही. काल दुपारपासून त्याने काही खाल्लेलं नाही.

वकील मंडळी मुद्द्याचं शेवटी लिहितात. मी आधी लिहितो. मी गेल्यावर माझ्या मुलाच्या पोटात अन्न कसं जाणार, एवढ्या एकाच गोष्टीसाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीचं घरदार ही त्याची झालर.

कलम पहिले. घर.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळं माझ्या स्वकष्टाचं, ते मी माझ्या थोरल्या मुलीला देतो. अट एकच: तिचा धाकटा भाऊ जिवंत आहे तोवर तो त्याच घरात, त्याच टेबलाशी राहील. ही अट मी तिला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “बाबा, ही अट आहे की फास?”

“गाठ एकच असते गं,” मी म्हटलं. “ओढणारा कोण, त्यावर नाव ठरतं.”

“वा! म्हणजे ओढणार तुम्ही आणि गळा माझा.”

जीभ तिची आईवर गेली आहे. पण कपडे भरायला पिशवीही तिनेच काढली. जावईबापू सरळ माणूस. ते म्हणाले, “आम्ही येतो राहायला, मला फक्त घोरायला एक कोपरा द्या.” त्यांना कोपरा देण्यात येत आहे. शिवाय त्यांच्या तीन पँटी मी कमरेत सैल करून ठेवल्या आहेत. माप देताना ते पोट आत ओढून धरतात हे मला लग्नाच्या सुटापासून ठाऊक आहे.

कलम दुसरे. बटण्या.

माझा मुलगा चाळिशी उलटलेला आहे, कानशिलावर पांढरे केस आले आहेत. गल्ली त्याला बटण्या म्हणते, कारण रांगायला लागल्यापासून तो माझ्या कापायच्या टेबलाखाली बसून बटणं निवडत आला आहे. दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात, आणि फुटकी त्याच्या खिशात. शब्द मोजकेच वापरतो. बाबा, ताई, बटण, नको, आहे, नाही. तेवढ्यात त्याचं भागतं. आपल्याकडे एवढे शब्द असून आपलं कुठे भागतं?

तो खातो ती एकच वस्तू, घरी केलेलं सँडविच. ते पोटात गेलं की वर दूध पितो, केळंही घेतो. ते गेलं नाही तर मग काहीच नाही. हट्ट नव्हे हा. हट्टी मुलाला भूक वाकवते. याला भूक वाकवत नाही, मोडते. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि दुसऱ्यांदा पाहायला मी असणार नाही, या विचाराने माझी झोप गेली आहे.

त्याची आई सकाळी उभी होती आणि दुपारी नव्हती. आजार नाही, निरोप नाही. तोवर सँडविच तीच करायची. कसं करते ते मी कधी विचारलं नव्हतं, कारण माझं राज्य मशीनपाशी आणि तिचं ओट्यापाशी. ती गेली आणि बटण्याने तोंड मिटलं. शेवटी त्याच्या दंडात सुई खुपसून सलाईनची बाटली लावावी लागली. दवाखान्यातून मी घरी धावत आलो. फडक्यात गुंडाळलेलं एक सँडविच तिच्या हातचं उरलं होतं. ते घेऊन परत दवाखान्यात गेलो. त्याने ते ढकललं. मग मी दुसरं काय करणार? मला येतं तेच केलं. जुन्या कोटाचा बेत, म्हणजे कापणीचा नमुना, काढायचा तर शिंपी तो उसवतो. मी ते सँडविच घरी आणून टेबलावर ठेवलं आणि एकेक थर करत उसवलं. वरचा पाव उचलला, बटर कुठपर्यंत गेलंय ते बोट फिरवून पाहिलं, काकडीची चकती उजेडासमोर धरली.

आणि मग करत सुटलो. चुकलेलं शेजाऱ्यांना वाटायचं, पुन्हा करायचं. तेव्हा सगळी गल्ली माझ्या चुका खाऊन गुबगुबीत झाली. नर्सबाई अजून म्हणतात, “मास्तर, तुमच्या दुःखात माझं वजन वाढलं.” शेवटी एका सकाळी मी ताटली ठेवली आणि बटण्याने तुकडा उचलला. मी मनाशी म्हटलं, जमलं! बेत जुळला!

हे वाक्य लक्षात राहू द्यावं. माझ्या सगळ्या समजुतीचा पाया तेच वाक्य होतं, आणि पाया वाळूत होता. पुढे सांगतो.

थोरलीने आत्ता ताटली उचलली. जुनी काढून ताजी ठेवली. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला, त्याने मान काढून घेतली.

कलम तिसरे. दुकान, हत्यारे आणि पैसा.

दुकान भाड्याचं आहे, ते मालकाचं मालकाला. शिलाई मशीन विकू नये. बटण्याला त्याच्या आवाजाने झोप लागते, कोणीही रिकामं पायडल मारलं तरी चालतं. मोठी कात्री थोरलीला. तिने कागद कापून तिची धार घालवू नये. बँकेत जे आहे ते बटण्याच्या नावे, आणि व्यवहार थोरलीने पाहावा. किती आहे ते बँकेला माहीत आहे, इथे लिहून भावकीच्या तोंडाला पाणी कशाला आणू?

जुनी लोखंडी इस्त्री दुकानाच्या सामानात धरू नये. ती स्वयंपाकघराची आहे. का, ते पाचव्या कलमात.

कलम चौथे. मेहुणा.

माझ्या बायकोचा भाऊ. पोरगं दवाखान्यात बाटलीवर असताना त्याने मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “दाजी, त्याला कुठल्या तरी संस्थेत घाला आणि मोकळे व्हा.” आपल्या बहिणीला जाऊन आठवडा झाला नव्हता. मी तसाच जिना चढून वर गेलो, कारण तोंड उघडलं असतं तर हातही उचलला गेला असता. त्याचा एक कोट माझ्याकडे शिवायला होता. एक बाही लावून झाली होती, दुसरी राहिली. तो कोट तसाच खुंटीवर आहे. तो मी त्याला देतो. दुसऱ्या बाहीतून मला मोकळं समजावं.

कलम पाचवे. सँडविच.

हे कलम थोरलीसाठी आहे. तिला आता सगळं येतं, तरी लिहितो. लिहिलेलं असलं की भांडता येतं.

पाव कालचा घ्यावा. ताजा पाव बटर लावताना फाटतो, नव्या कापडासारखा अंगावर येतो. कालचा जरा समजूतदार झालेला असतो. (बेकरीवाला मला कालचा पाव ताज्या भावाने देतो. “मास्तर, तुमच्यासाठी राखून ठेवावा लागतो ना!” त्याच्या या युक्तिवादाला मी कधीही मान्यता दिलेली नाही. ती हरकत इथे कायम करतो.)

बटर आधी बाहेर काढून ठेवावं, बोटाने दाबलं की खड्डा पडेल इतकं मऊ होऊ द्यावं. दोन्ही स्लाइसना, आणि थेट कडेपर्यंत. बटर हे अस्तर आहे. अस्तर आखूड पडलं की ओल कापडात शिरते. मधोमध ढीग आणि कडा कोरड्या असं सँडविच म्हणजे खिसा नसलेली पँट, दिसायला ठीक, कामाला शून्य.

काकडी सोलून पातळ, इतकी पातळ की चकतीतून सुरीचं पातं दिसावं. मीठ लावून थांबावं. मग मलमलीच्या फडक्यात गुंडाळून वर ती लोखंडी इस्त्री ठेवावी. गार, हे सांगणे न लगे. पण जावईबापूंनी एकदा विचारलं म्हणून लिहिलं. काकडी पाणी सोडते, आणि तेच पाणी नंतर पावात सोडण्यापेक्षा इथे सोडलेलं बरं.

बटाटा उकडून पूर्ण गार झालेला. कोमट बटाट्याला घाम येतो. कुस्करू नये, चकत्या कराव्या. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाकावा, नुसती भिंत घ्यावी. रचना अशी: खाली बटाटा, मध्ये टोमॅटो, वर काकडी. रडणारा नेहमी मधे बसवावा, म्हणजे दोघे त्याला सावरतात. मिरपूड कुटून, पूड नव्हे, भरड. चीज किसून, चिमूटभर, काकडीवर, म्हणजे काकडी घसरत नाही.

वरून तळहाताने दाबावं, बाळाला थोपटतो तसं. ओलसर फडक्याखाली जरा निजू द्यावं. मग कडा काढून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोनदा कापावं. सुरी ओढायची, दाबायची नाही, आणि प्रत्येक वेळी पुसून घ्यायची. तुकड्याची कड पाहिली की सगळे थर दिसले पाहिजेत, सरळ टीप मारल्यासारखे.

हे करायला वेळ लागतो. ज्याला वेळ नाही त्याने बाहेर खावं.

कलम सहावे. जे लिहून देता येत नाही.

डॉक्टरांनी सांगितल्यावर मी थोरलीला बोलावून घेतलं आणि शिकवायला बसलो. ती कावली.

“इतकी वर्षं शिकवलं नाहीत. आता जायच्या वेळी शिकवणी लावली!”

“इतकी वर्षं मी होतो ना.”

“हो, तुम्ही आणि तो. मी आपली पाहुणी. आले की चहा, निघाले की पिशवी.”

तिचा राग मी तिला वारशात दिलेला नाही, तो तिचा स्वकष्टार्जित आहे. तो तिने खुशाल बाळगावा. पण हात तिचा माझ्याहून चांगला निघाला. तिचं सँडविच माझ्यापेक्षा सरळ कापलं जाई. आम्ही दोन ताटल्या शेजारी ठेवल्या तर मला स्वतःला ओळखता आलं नाही कोणाचं कोणतं. बटण्याने तिच्या ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. “नको.” रोज “नको.”

मी तिला बोलत राहिलो. मीठ जास्त झालं असेल. बटर थंड असेल. सुरी पुसली नसशील. ती बिचारी परत परत करत राहिली, आणि एकदा सुरी आपटून म्हणाली, “बाबा, तुम्ही मला कोटासारखी उसवू नका!”

मग एक दिवस माझ्या हातात सुरीच धरवेना. सगळं तिने केलं, पाव ते कड. मी फक्त ताटली उचलून त्याच्यापुढे ठेवली. त्याने खाल्लं, चारही तुकडे.

 दुसऱ्या दिवशी उलटं केलं. कसंबसं मी बनवलं, ताटली तिने ठेवली. “नको.” मी तीच ताटली उचलली, हवेत धरली, परत तिथेच ठेवली. त्याने तुकडा उचलला.

नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, पावात काही नव्हतं हो. तुमच्यात होतं.”

वाळूतला पाया तो हाच. तेव्हा, आईच्या मागे, तो जेवला ते बेत जुळला म्हणून नव्हे. तोवर त्याला माझा हात सवयीचा झाला होता, एवढंच. आणि मी वेडा, सगळं श्रेय काकडीला देऊन बसलो! शिंप्याला वाटतं कापड नीट कापलं की माणूस त्यात मावणारच.

घर देता येतं. मशीन देता येते. कृती देता येते. हात कसा लिहून देऊ? कायद्याची पुस्तकं मी चाळली. डोळे दान करता येतात असं त्यांत आहे. हाताबद्दल काही नाही.

कलम सातवे. जिवंतपणीच जाणे.

म्हणून मी हे ठरवलं आहे, आणि माझ्या मुलीने, जावयाने व नर्सबाईंनी आधी नाही म्हणून मग हो म्हटलं आहे. त्याची आई गेली तेव्हा तो उपाशी राहिला, आणि तिला परत बोलावता येत नव्हतं. मी मेल्यावर मलाही येणार नाही. आत्ता येतं. तेव्हा मी त्याच्यापासून हरवायचाच असेन तर जिवंत असतानाच हरवलेलं बरं. काल दुपारी मी टोपी घातली, त्याला “येतो” म्हटलं नाही, आणि गल्ली ओलांडली.

याच्या अटी अशा. तो पाणी पितो आहे तोवर मी परत जायचं नाही. पाणी सोडलं तर नर्सबाई मला हाताला धरून नेतील, असा त्यांनी शब्द दिला आहे. “आणि त्याआधी जिन्याकडे गेलात तर पाय बांधीन,” असाही दिला आहे. त्यांनी तो पाळावा अशी माझी कायदेशीर इच्छा समजावी.

तो थोरलीच्या हातून जेवला नाही, तर मी घरी जाईन, त्याला जेवू घालीन, आणि पुन्हा असंच निघेन. अंगात किती वेळा निघण्याचं बळ आहे, देव जाणे.

आणि तो जेवला, तर मी घरी जायचं नाही. एकदाही नाही. बघायलाही नाही. उसवलेल्या टिपेवर पुन्हा टीप मारता येते, पण त्याच भोकांतून सुई परत परत घातली की कापडच जातं.

हे लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे की मी कशासाठी हात जोडतो आहे. ज्या दिवशी माझं म्हणणं खरं होईल त्या दिवशी माझा मुलगा मला संपेल. आणि तरी मी हात जोडतो आहे. खा रे. एक तुकडा खा. तिच्या हातचा खा.

तो उठला. परत बसला. ताटलीकडे बघत नाही. इकडे बघतो, खिडकीकडे.

नर्सबाईंचा फोन वाजला. थोरलीचा होता. त्यांनी तो माझ्या कानाला लावला.

“बाबा, तुम्ही खिडकीत बसलाय?”

“हो. का?”

“अहो का म्हणून काय विचारता! तो तुमच्याकडे बघतोय! कालपासून तो ताटलीकडे नाही, तुमच्याकडे बघतोय. मला आत्ता कळलं. मी त्याच्या शेजारी वाकून बसले, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, तर समोर तुम्ही!”

मला वाटलं होतं मी त्याला बघतो आहे.

“बाबा? ऐकताय ना? तो वाट बघतोय तुमची. तुम्ही उठा तिथून.”

“पडदा ओढू?”

“पडद्यामागे तुम्ही आहात हे त्याला कळेल. उठा, बाबा. जा आत.” आणि मग, आवाज खाली करून, “मी आहे इथे.”

माझ्या हातून झालं ते असं. गल्ली ओलांडून मी त्याच्यापासून दूर आलो, आणि त्याला दिसेल अशा जागी दिवा लावल्यासारखा बसून राहिलो. म्हटलं होतं मेलो, आणि श्वास सोडवत नव्हता. पोराने तरी काय करावं?

उठलो. उठताना मागे वळून पाहिलं नाही असं लिहिणार होतो. पाहिलं. त्याने हात वर केला होता.

कलम आठवे. आतल्या खोलीतून.

यापुढचं मी नर्सबाईंच्या आतल्या खोलीत लिहितो आहे. इथे औषधांचे खोके आहेत, खुंटीला त्यांचे पांढरे गणवेश आहेत. एकाची शिवण खांद्यात उसवली आहे, ती मी सही झाल्यावर घालून देईन. खिडकी नाही. पलीकडे काय चाललं आहे ते मला कळायचा मार्ग नाही. उरलेली कलमं भराभर लिहितो, नाहीतर हात जिन्याच्या कठड्यावर जाईल.

मी गेल्यावर माझं शरीर बटण्याला दाखवू नये. त्याला कोणी काही सांगू नये. “बाबा आहेत” असं तर चुकूनही कोणी म्हणू नये. दया म्हणून म्हणणाऱ्याने आधी जाऊन ती ताटली बघावी.

थोरलीने आपलं सँडविच त्याच्याबरोबर बसून खावं. उभ्याने, ओट्याशी, फोन कानाला लावून नव्हे. आणि तिला कधी कंटाळा आला, राग आला, हे सगळं माझ्याच वाट्याला का असं वाटलं, तर तिने मला मोठ्याने शिव्या द्याव्या. मशीनचा आवाज चालू ठेवून द्याव्या, म्हणजे त्याला भांडण वाटणार नाही. त्या शिव्या मी आधीच स्वीकारल्या आहेत.

नर्सबाई आणि बेकरीवाला हे दोघे साक्षीदार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं पुस्तकात वाचलं. नर्सबाईंना द्यायचं असं माझ्याकडे काही नव्हतंच. ऋण कसं देतात? बेकरीवाल्याला वरच्या हरकतीतून मुक्त करणार होतो, पण तेही देणंच होईल, म्हणून ती कायम.

दार वाजलं. बेकरीवाला आला. भुवयांवर पीठ, धाप लागलेली. तो माझ्या घरी पाव टाकून थेट इकडे आला आहे. म्हणजे त्याने पाहिलं आहे.

“मास्तर—”

“बोलू नका.”

“अहो पण ऐका तरी—”

“आधी सही.”

“एकच शब्द, मास्तर!”

“एक शब्दही आत्ता मला पेलणारा नाही.”

तो नर्सबाईंकडे बघतो आहे. नर्सबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. ज्या माणसाला गेल्या कित्येक वर्षांत गप्प बसलेलं मी पाहिलं नाही, तो तोंडावर हात ठेवून खोक्यावर बसला आहे. त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचता येऊ नये म्हणून मी कागदावर मान घालून लिहितो आहे.

सही आधी, कारण तो जेवला नसेल तर मी उठून धावत सुटेन आणि हा कागद इथेच राहील. आणि जेवला असेल तर माझा हात सहीला स्थिर राहणार नाही. दोन्हींपैकी काहीही कानावर येण्याआधी, बुद्धी ठिकाणावर असताना, वर लिहिलेलं सगळं माझंच म्हणणं आहे असं सांगून मी खाली सही करतो.

(सही) शिंपीमास्तर

सहीनंतरची नोंद, दोन्ही साक्षीदारांसमक्ष. मी म्हटलं, “आता बोला.” बेकरीवाल्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो: “मी पाव घेऊन शिरलो तेव्हा तो खिडकीत उभा होता. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे खूप वेळ बघत होता. मग ‘बाबा नाही’ म्हणाला. रडला नाही, काही नाही. नुसतं म्हणाला. येऊन टेबलाशी बसला. थोरलीने एक तुकडा हातात घेऊन पुढे धरला. मला वाटलं, आता ‘नको’ म्हणणार. खाल्ला, मास्तर. मग दुसरा. मग तिसरा उचलायला आपणच हात पुढे केला. थोरलीच रडत होती, त्याला काय झालं ते कळेना, त्याने तिला खिशातलं बटण काढून दिलं.”

नर्सबाईंनी विचारलं, “मास्तर, पाणी देऊ?” मी हो म्हटलं आणि प्यायलो.

साक्षीदार पहिली: समोरच्या घरातली नर्स. मास्तरांनी माझ्यादेखत सही केली. तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. आत्ताही आहेत.
(सही)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा बेकरीवाला. मी जे पाहिलं तेच सांगितलं, मास्तरांना बरं वाटावं म्हणून एक घासही वाढवलेला नाही.
(सही)

तारीख नऊ, शनिवार, दिवस कलताना.

ठिकाण: नर्सबाईंच्या घरातली आतली, बिनखिडकीची खोली. मृत्युपत्र करून देणाऱ्याचा यापुढचा पत्ता हाच.